विष्णू नव्हे, ही तर अन्नपूर्णा!

काशीच्या घाटावरून १९१३ साली चोरीला गेलेली एक छोटी मूर्ती कॅनडातल्या आर्ट गॅलरीत 'विष्णू' म्हणून नोंदली गेली होती. प्रदर्शनाच्या तयारीसाठी आलेल्या दिव्या मेहरा या कलावंताची नजर तिच्यावर पडली आणि एका साध्या शंकेतून ती मूर्ती थेट काशी विश्वनाथाच्या दारी पोहोचली. गॅलरीत वस्तू नुसत्या मांडायच्या, की त्या आल्या कुठून हेही सांगायचं? कॅनडातले कलावंत आपल्या गॅलऱ्यांना हा प्रश्न गेली पस्तीस-चाळीस वर्षं विचारताहेत...

मराठी घरातली मुलगी सासरी निघाली, की तिच्याबरोबर एक छोटीशी देवीही निघते. पितळेची किंवा चांदीची, बोटभर उंचीची अन्नपूर्णा. लग्नाच्या दिवशी नवरी गौरीहरापुढे बसून तिची पूजा करते. सासरी आली, की देवघरात तांदळात तिची स्थापना होते. चार देवांमध्ये अन्नपूर्णा कोणती, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिच्या हातात पळी, ती अन्नपूर्णा!

कॅनडातल्या रिजायना शहरातल्या मॅकेन्झी आर्ट गॅलरीत मात्र ही साधी खूण कुणाच्या ध्यानात आली नाही. रिजायना ही सस्कॅचवन प्रांताची राजधानी. चहूबाजूंना गव्हाची अफाट शेतं आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. तिथल्या गॅलरीच्या संग्रहात दगडाची एक जेमतेम १७ सेंटिमीटर उंचीची भारतीय मूर्ती होती. अठराव्या शतकातली, बनारसी घडणीची. कागदोपत्री तिचं नाव होतं विष्णू.

२०१९ साली या गॅलरीनं दिव्या मेहराला प्रदर्शनासाठी बोलावलं. दिव्याचा जन्म १९८१चा, विनिपेग शहरातला. आईवडिलांचं मूळ भारतात, तिचं घर कॅनडात. परदेशात वाढलेल्या भारतीयांकडे गोरा समाज कसा पाहतो, हा तिच्या कलेचा नेहमीचा विषय. बोलणं तिरकस, विनोद बोचरा. गॅलरीनं बोलावलं म्हणून आपली चार कामं नेऊन भिंतीवर टांगावीत, हा तिचा स्वभाव नव्हे. तिनं आधी गॅलरीचा जुना संग्रहच चाळायला घेतला.

त्यात ही मूर्ती तिच्यासमोर आली. पाहताच तिला वाटलं, हा विष्णू कसा? ही तर बाई दिसते! हातात भांडं आहे. मग तिनं जुने कागद बाहेर काढले आणि त्या कागदांतून निघाली एक चोरीची गोष्ट.

वकीलसाहेबांची काशीयात्रा

गॅलरीला ज्यांचं नाव आहे, ते नॉर्मन मॅकेन्झी रिजायनातले नामांकित वकील. त्यांना कलावस्तू जमवण्याचा भारी नाद. १९१३ साली ते भारतात आले. काशीला गंगेच्या काठी, दगडी पायऱ्यांवरच्या एका देवळात त्यांना ही मूर्ती दिसली आणि ती आपल्याकडे असावी, असं त्यांच्या मनात आलं. ही इच्छा एका अनोळखी माणसाच्या कानावर पडली. त्यानं देवळातली मूर्ती चोरून आणली आणि साहेबांच्या हवाली केली!

ही मूर्ती जमिनीतून उकरून काढलेली नव्हती, की पडक्या देवळात बेवारस पडलेली नव्हती. ती पूजेतली मूर्ती होती. तिला रोज कुणीतरी पाणी घालत असेल, फूल वाहत असेल. एका सकाळी तो माणूस आला आणि देवी जागेवर नव्हती. त्याचं नाव कोणत्याही कागदावर नाही. मूर्ती नेणाऱ्याचं नाव मात्र गॅलरीच्या दारावर लागलं.

१९३६ साली मॅकेन्झी वारले. मृत्युपत्रानुसार त्यांचा संग्रह शिक्षणसंस्थेकडे गेला आणि पुढे तो रिजायना विद्यापीठाचा झाला. त्या संग्रहाबरोबर मूर्तीही सरकारी भाषेत 'मालमत्ता' झाली.

मूर्ती नेमकी कुणाची, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये त्या वेळी भारतीय कलेचे क्युरेटर असलेले डॉ. सिद्धार्थ शाह यांना विचारण्यात आलं. एका हातात खिरीचं भांडं, दुसऱ्या हातात पळी. शाह यांनी निर्वाळा दिला, ही अन्नपूर्णा! काशीत तर ती घरचीच देवता. साक्षात शंकरानं तिच्याकडे भिक्षा मागितली, ही कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेली. विश्वनाथाच्या शेजारी तिचं देऊळ आहे. अठराव्या शतकात, पेशवाईच्या काळात बांधलेलं. आणि खुद्द विश्वनाथाचं आजचं मंदिर उभारलं ते अहिल्याबाई होळकरांनी. म्हणजे या देवीच्या माहेराशी मराठी माणसाचं नातं जुनंच आहे.

दिव्यानं गॅलरीचे तेव्हाचे हंगामी प्रमुख जॉन हॅम्प्टन यांच्यापुढे सरळ मागणी ठेवली, मूर्ती परत द्या. हॅम्प्टन स्वतः चिकासॉ या अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजाचे. आपल्या समाजाच्या वस्तू परक्यांच्या कपाटात असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. गॅलरी तयार झाली.

इतक्या सहजासहजी गॅलरी तयार कशी झाली, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर एका माणसाच्या चांगुलपणात नाही. त्यामागे कॅनडातल्या कलावंतांनी केलेली मोठी धडपड आहे.

मांडणी करणारा तो कोण?

आधी क्युरेटर म्हणजे कोण, ते पाहू. आपल्याकडे चैत्रगौरीची आरास मांडणारी गृहिणी काय करते? देवी कुठं बसवायची, वरच्या पायरीवर काय, खालच्या पायरीवर काय, दिवा कुणीकडे, कोणती वस्तू यंदा काढायची नि कोणती फडताळातच ठेवायची, हे सगळं ती ठरवते. येणारीला मात्र एकसंध आरास दिसते. गॅलरीतला क्युरेटर हेच काम करतो. शंभर कामांतून वीस निवडायची, त्यांचा क्रम लावायचा, प्रकाश ठरवायचा आणि प्रत्येकाशेजारी छोटी पाटी लावायची. कलावंताचं नाव, साल, माध्यम आणि दोन ओळींची माहिती.

गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ 'काळजी घेणं' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. वस्तूची काळजी घेणारा तो क्युरेटर. पण काळजी कुणाची? वस्तूची, की ज्यांची वस्तू त्यांचीही? कॅनडातला सगळा वाद या एका मुद्द्याभोवती फिरतो.

कारण त्या छोट्या पाटीत मोठी ताकद असते. प्रेक्षक ती वाचतो आणि खरी मानतो. पाटीवर 'विष्णू' लिहिलं, की अन्नपूर्णेचा विष्णू होतो. पाटीवर 'अमुक यांच्या संग्रहातून' असं लिहिलं, की चोरी झाकली जाते. खोटं काहीच लिहिलेलं नसतं. फक्त अर्धंच लिहिलेलं असतं!

थंडीत बसलेली 'वस्तू'

१९८८ साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात हिवाळी ऑलिम्पिक भरलं. त्या निमित्तानं तिथल्या ग्लेनबो म्युझियमनं 'द स्पिरिट सिंग्ज' हे भव्य प्रदर्शन मांडलं. कॅनडाच्या मूलनिवासींच्या शेकडो जुन्या वस्तू युरोप-अमेरिकेतल्या म्युझियममधून मागवल्या होत्या. खर्चाचा मोठा भार उचलला होता शेल या तेल कंपनीनं. आणि ज्या जमिनीवर लुबिकन लेक क्री हे मूलनिवासी आपला हक्क सांगत होते, तिथंच तेलासाठी खोदकाम चालू होतं! आमच्या जमिनीतून तेल काढायचं आणि आमच्याच पूर्वजांच्या वस्तू मिरवायच्या? लुबिकन लोकांनी बहिष्काराची हाक दिली.

त्या जानेवारीत ऑलिम्पिकची ज्योत थंडर बे गावातून जाणार होती. रिबेका बेलमोर ही अनिशिनाबे समाजातली तरुण कलावंत तिथल्या आर्ट गॅलरीबाहेर येऊन बसली. हवा शून्याखाली बावीस अंश. म्युझियममध्ये वस्तूला लावतात तशी क्रमांकाची पाटी तिनं स्वतःला लावून घेतली. पाटीवर होतं, 'आर्टिफॅक्ट क्रमांक ६७१ बी'. दोन तास ती तशीच बसून राहिली. भाषण नाही, घोषणा नाही. तुम्हाला आमच्या वस्तू आवडतात ना, मग जिवंत माणूस का चालत नाही, एवढाच तिचा सवाल.

लुबिकन लोकांच्या बहिष्कारानं देशभर खळबळ उडाली. मूलनिवासींची राष्ट्रीय संघटना आणि कॅनडातल्या म्युझियमचा संघ एकत्र बसले. १९९२ साली त्यांचा संयुक्त अहवाल आला. ज्यांच्या वस्तू, त्यांना प्रदर्शनाच्या तयारीत बरोबरीचं स्थान द्या आणि बेकायदा मिळवलेल्या व पवित्र वस्तू परत करण्याचा विचार करा, हे त्याचं सार. त्याच वर्षी, कोलंबसच्या प्रवासाला पाचशे वर्षं होत असताना, राजधानी ओटावाच्या परिसरातल्या दोन बड्या राष्ट्रीय संस्थांनी मूलनिवासी कलावंतांची मोठी प्रदर्शनं भरवली. त्यातल्या 'इंडिजेना' या प्रदर्शनाचे क्युरेटरही मूलनिवासीच होते, जेराल्ड मॅकमास्टर आणि ली-ॲन मार्टिन. आजवर ज्यांच्याविषयी पाटी लिहिली जायची, तेच आता पाटी लिहू लागले!

आणि थंडीत बसलेली ती बेलमोर? २००५ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलामेळ्यात कॅनडाची प्रतिनिधी म्हणून तिची निवड झाली. २०१८ साली टोरंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओनं तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याची क्युरेटर होती वांडा नॅनिबुश, तीही अनिशिनाबे.

माफीला लागली सत्तावीस वर्षं

सगळीकडे असं गोड झालं, असं मात्र नाही. टोरंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमनं १९८९ साली 'इन्टू द हार्ट ऑफ आफ्रिका' हे प्रदर्शन मांडलं. कॅनडाचे सैनिक आणि मिशनरी यांनी आफ्रिकेतून आणलेल्या वस्तू त्यात होत्या. गोऱ्यांच्या जुन्या अहंकाराला उपरोधानं टोला लगावायचा, हा मांडणीमागचा हेतू. त्यासाठी त्या काळातली हिणवणारी भाषा अवतरणचिन्हात घालून पाट्यांवर वापरली होती.

पण शाळेच्या सहलीतून आलेल्या कृष्णवर्णीय मुलानं अवतरणचिन्ह पाहायचं, की समोरच्या चित्रात आफ्रिकी माणसाच्या छातीत तलवार खुपसणारा गोरा घोडेस्वार पाहायचा? शहरातला कृष्णवर्णीय समाज खवळला. म्युझियमच्या दारात निदर्शनं झाली, पोलिसांशी झटापटी झाल्या. इतर शहरांत ठरलेला प्रदर्शनाचा दौरा रद्द करावा लागला. म्युझियमनं या प्रकरणी जाहीर माफी मागितली ती २०१६ साली. मधे सत्तावीस वर्षं गेली!

हेतू चांगला असून भागत नाही, हा या प्रकरणाचा धडा. ज्यांच्याविषयी प्रदर्शन आहे, त्यांना मांडणीआधी विचारलं असतं, तर ही वेळ आली नसती.

'इंडियन' चर्चचं बारसं

आपल्याला गमतीची वाटेल, अशी आणखी एक गोष्ट. कोलंबस भारत शोधायला निघाला, अमेरिकेला पोहोचला आणि तिथल्या लोकांना त्यानं 'इंडियन' म्हटलं. चूक त्याची, नाव चिकटलं त्यांना. कॅनडात १८७६ साली झालेल्या कायद्याचं नावच 'इंडियन ॲक्ट'. म्हणजे दिव्या मेहरासारखी खरीखुरी भारतीय वंशाची मुलगी ज्या देशात वाढते, तिथं 'इंडियन' हा शब्द दुसऱ्याच कुणासाठी वापरला गेला आणि तोही त्यांना न विचारता.

एमिली कार ही कॅनडाची अत्यंत लाडकी चित्रकर्ती. तिनं १९२९ साली व्हँकुव्हर बेटाजवळच्या एका वस्तीतल्या पांढऱ्याशुभ्र चर्चचं चित्र काढलं. भोवती गर्द हिरवं, अंगावर येणारं अरण्य आणि मधे एवढंसं चर्च. नाव ठेवलं 'इंडियन चर्च'. २०१८ साली आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओनं पाटी बदलली. नवं नाव लावलं, 'युक्वॉट गावातलं चर्च'. जुनं नाव का बदललं, याचा खुलासाही शेजारी लावला.

वाद झालाच. कलावंतानं स्वतः ठेवलेलं नाव बदलणारे तुम्ही कोण, असं काहींनी विचारलं. प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. जुन्या चित्रांची नावं दर पिढीनं बदलायची ठरवली, तर इतिहासच पुसला जायचा. पण इथं जुनं नाव गाडून टाकलेलं नव्हतं आणि नव्या नावानं त्या गावाला स्वतःचं नाव परत मिळालं. कुठल्याशा 'इंडियन' वस्तीचं ते युक्वॉट झालं.

बुटांचे मुखवटे, काचेची तिजोरी

बदल असा केवळ पाट्यांवर थांबला नाही. ब्रायन जंगन या कलावंताची आई डनेझा या मूलनिवासी समाजातली, वडील स्विस वंशाचे. त्यानं नायकी कंपनीचे महागडे बास्केटबॉलचे बूट विकत आणले, ते उसवले आणि तेच तुकडे शिवून मुखवटे बनवले. लाल, काळा, पांढरा. थेट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूलनिवासींच्या पारंपरिक मुखवट्यांसारखे! १९९८ ते २००५ या काळात असे तेवीस मुखवटे झाले. ते मांडले जातात म्युझियममधल्यासारख्या काचेच्या पेटीत. पाहणारा चक्रावतो. बूट तर दुकानातही काचेमागेच असतो. मग या दोन काचांमध्ये फरक काय?

कॅनडातल्या कलावंतांसाठी २००२ साली सोबी आर्ट अवॉर्ड हा मानाचा पुरस्कार सुरू झाला. त्याचा पहिला मानकरी जंगनच. २०२२ साली तोच पुरस्कार दिव्या मेहराला मिळाला. रक्कम एक लाख कॅनेडियन डॉलर.

दिव्याच्या जन्मगावी, विनिपेगमध्ये, २०२१ साली 'काउमायुक' ही नवी इमारत उघडली. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांच्या कलेसाठी ती उभारली आहे. नावाचा अर्थ उजळलेलं, प्रकाशित. दारातून आत शिरताच तीन मजली उंचीची काचेची तिजोरी दिसते. तिच्यात हजारो छोटी शिल्पं. इतर ठिकाणी जे तळघरात कुलपात असतं, ते इथं रस्त्यावरूनही दिसतं. पहिल्या प्रदर्शनाचे चारही क्युरेटर इनुइट होते, इनुइट भूमीच्या चार भागांतून आलेले.

कायदा नव्हता, तरीही...

आता पुन्हा रिजायनाकडे वळू. मॅकेन्झी गॅलरीनं मूर्ती द्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्यावर कायद्याची सक्ती नव्हती. चोरलेल्या कलावस्तूंविषयीचा युनेस्कोचा करार १९७० सालचा. त्याआधीच्या चोऱ्यांना तो लागू पडत नाही. तुलनेसाठी खजुराहोच्या शैलीतली, अंगावर पोपट घेतलेली सुंदरी आठवा. ते शिल्प कॅनडात सापडलं, याच कराराच्या आधारे परत देण्यात आलं आणि २०१५ साली पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ते नरेंद्र मोदी यांच्या हाती सोपवलं. अन्नपूर्णेची चोरी मात्र १९१३ची, इंग्रजांच्या राजवटीतली. कोर्टात प्रकरण गेलं असतं, तर निकाल काय लागला असता कुणास ठाऊक.

पण कोर्टात जायची वेळच आली नाही. बातमी वाचून ओटावातल्या भारतीय उच्चायुक्तालयानं आणि कॅनडाच्या सांस्कृतिक खात्यानं मदतीचा हात पुढे केला. १९ नोव्हेंबर २०२० या दिवशी मूर्ती सुपूर्द करण्याचा समारंभ झाला. करोनाचे दिवस, त्यामुळे समारंभही पडद्यावरच. विद्यापीठाचे कुलगुरू एकीकडे, भारताचे उच्चायुक्त दुसरीकडे. दहा दिवसांनी 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी ही बातमी देशाला सांगितली.

मूर्ती प्रत्यक्ष दिल्लीला आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. ११ नोव्हेंबरला केंद्र सरकारनं ती उत्तर प्रदेश सरकारच्या ताब्यात दिली. मग निघाली मिरवणूक! अलीगढ, कनोज, अयोध्या असा मुक्काम करत देवी काशीला आली. वाटेत लोकांनी आरत्या ओवाळल्या, फुलं उधळली. १५ नोव्हेंबरला, आपल्या कार्तिकी एकादशीच्या दिवशी, विश्वनाथ मंदिराच्या आवारात तिची प्रतिष्ठापना झाली. इकडे पंढरपुरात वारकऱ्यांची गर्दी आणि तिकडे काशीत एकशेआठ वर्षांनी परतलेली अन्नपूर्णा!

कॅनडात जी 'कलावस्तू' होती, ती भारताच्या भूमीवर उतरताच पुन्हा देवी झाली. मूर्ती तीच, दगड तोच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर.

रिकाम्या जागी वाळूची पिशवी

मूर्ती गेली. मग गॅलरीत तिच्या जागी काय ठेवायचं? इथं दिव्याच्या तिरकस विनोदाला धार चढली. हॉलिवूडच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या गाजलेल्या चित्रपटाची सुरुवात अनेकांना आठवत असेल. नायक इंडियाना जोन्स एका प्राचीन देवळात शिरतो. चौथऱ्यावर सोन्याची मूर्ती. उचलली, की सापळा सुटणार. म्हणून तो वाळूची पिशवी हातात तोलतो, झटक्यात मूर्ती उचलतो आणि पिशवी तिथं ठेवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आपण एका चोराला टाळ्या वाजवतो आहोत, हे कुणाच्या मनातही येत नाही!

दिव्यानं तशीच वाळूची एक छोटी पिशवी केली. वजन साधारण त्या मूर्तीइतकंच. हेच तिचं शिल्प. त्याच्या लांबलचक नावात 'विष्णू नव्हे' हे शब्दही तिनं मुद्दाम घातले आणि 'दर्शन' हा आपला शब्दही. मॅकेन्झी गॅलरीनं ही पिशवी आपल्या संग्रहात रीतसर दाखल करून घेतली. जिथं चोरीची मूर्ती होती, तिथं आता चोरीची कबुली आहे.

मूर्ती परत देण्याच्या विरोधात एक मुद्दा हमखास मांडला जातो. असं सगळंच परत करत गेलं, तर जगातली म्युझियम रिकामी होतील. पिशवीनं या मुद्द्यालाही परस्पर उत्तर दिलं. रिजायनाची गॅलरी रिकामी झाली नाही. उलट जी मूर्ती होती तोवर कुणी वळून पाहत नव्हतं, ती गेल्यामुळे गॅलरीचं नाव भारतात पोहोचलं.

तरी काही प्रश्न उरतातच. देवी काशीत आली, पण ज्या घाटावरच्या देवळातून ती गेली तिथं नव्हे, तर विश्वनाथाच्या भव्य आवारात ती विराजमान झाली. शिवाय ही एक मूर्ती सापडली, ती एका कलावंताला शंका आली म्हणून. जिच्याकडे अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही, अशा मूर्तींचं काय?

---

चौकट
कलावंताला मानधन, प्रदर्शनाचंही!

चित्र विकलं गेलं तर पैसे, नाही तर घरचं खाऊन प्रदर्शन. चित्रकारांचा हा अनुभव जगभरचा. कॅनडात तो मोडून काढला जॅक चेंबर्स या चित्रकारानं. १९६७-६८च्या सुमारास राष्ट्रीय गॅलरीनं त्याच्या चित्रांची छायाचित्रं विनामूल्य वापरण्याची परवानगी मागितली. चेंबर्सनं नकार दिला आणि १९६८ साली कलावंतांची संघटना उभी केली. गाणाऱ्याला बिदागी मिळते, मग लोकांना पाहायला चित्र देणाऱ्याला का नको, हा तिचा सवाल. सार्वजनिक गॅलऱ्यांनी प्रदर्शनासाठी कलावंताला मानधन द्यायचं, ही पद्धत १९७५पासून कॅनडात रुजली. १९८८ साली तर तिथल्या कॉपीराइट कायद्यातच चित्रकाराचा प्रदर्शनाचा हक्क आला. त्यामुळे गॅलरीत कलावंत उपकाराच्या ओझ्याखाली येत नाही. यजमानाला अडचणीचा प्रश्न विचारायला त्याची जीभ रेटते, त्याचं एक कारण हेही!

---

आजकाल आपल्यापैकी अनेकांची मुलं टोरंटोला, व्हँकुव्हरला असतात. आईबाबा चार-सहा महिने तिकडे जातात. धबधबा पाहून होतो, मॉल पाहून होतात, मग मुलं म्युझियम दाखवायला नेतात. आपल्या इकडच्या मूर्ती तिथं पाहून ऊर भरून येतो. फोटो काढले जातात.

अशा वेळी फोटोआधी ती छोटी पाटी जरूर वाचा. वस्तू कोणत्या गावची, तिथून कधी निघाली, कुणी दिली नि कुणी घेतली, हे त्यावर लिहिलंय का पाहा. नुसतंच 'भारत, अठरावं शतक' असेल, तर तिथल्या माणसाला विचारायला संकोच करू नका. आपलं इंग्रजी मोडकं आहे, आपल्याला कलेतलं काय कळतं, असं मनात आणू नका. एखाद्या देवाच्या हातात काय आहे, त्याला नैवेद्य कशाचा लागतो, तो कोणत्या दिशेला तोंड करून बसतो, हे आपल्या घरातल्या बायकांना पुस्तक न उघडता ठाऊक असतं. हे ज्ञान तिथल्या क्युरेटरच्या उपयोगी पडू शकतं. आणि हाच प्रश्न मुंबईच्या, नागपूरच्या, बडोद्याच्या संग्रहालयातही विचारायला हरकत नाही. कारण आपल्या देशातही एका गावची देवता दुसऱ्या गावच्या काचेआड बसलेली असते आणि तिच्या गावाचं नाव पाटीवर असतंच असं नाही.